शेअर विकून शांतता येते का?

निधी कुठे गुंतवावा हा प्रश्न आपल्याकडे व्याजदर आणि सुरक्षितता या दोन मुद्द्यांवर संपतो. आम्ही बँकेत नोकरी करणारी मंडळीही ठेवीदाराला याहून वेगळे काही विचारत नाही. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने मात्र तिसरा प्रश्न विचारला : आपल्या पैशावर चालणाऱ्या धंद्यामुळे कुणाचे घर पाडले जाते का? या प्रश्नावर तेथे दहा वर्षे वाद चालला. आपल्यासारख्या जुन्या संस्थांनी तो समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

इस्रायलने १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेल्या प्रदेशात पॅलेस्टिनी घरे पाडण्यासाठी कॅटरपिलर कंपनीचे बुलडोझर वापरले गेले. चर्चच्या निधीत या कंपनीचे शेअर होते. तपासणी नाक्यांवरील यंत्रणेबद्दल ह्यूलेट-पॅकार्डवर आणि पाळत ठेवण्याच्या उपकरणांबद्दल मोटोरोला सोल्युशन्सवर असाच आक्षेप होता. २००४ साली चर्चच्या महासभेने ४३१ विरुद्ध ६२ मतांनी टप्प्याटप्प्याने गुंतवणूक काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केली. ज्यू संघटनांनी निषेध केला, खुद्द सभासदांतही नाराजी पसरली. २००६ साली भाषा सौम्य झाली : त्या भागातील पैसा फक्त शांततामय कामांत असावा. मग भागधारक या नात्याने कंपन्यांशी वाटाघाटी झाल्या. २०१२ साली विक्रीऐवजी वेस्ट बँकेत विधायक गुंतवणूक करावी ही सूचना ३३३ विरुद्ध ३३१ मतांनी वरचढ ठरली. अखेर २०१४ साली ३१० विरुद्ध ३०३ मतांनी तिन्ही कंपन्यांचे सुमारे २ कोटी १० लाख डॉलरचे शेअर विकण्याचे ठरले. इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य असल्याचेही त्याच ठरावात नमूद होते.

यावर कॉमर्सचा कोणताही विद्यार्थी म्हणेल की एकाने विकलेला शेअर दुसरा घेतो, कंपनीचे काहीच बिघडत नाही. हिशेबाने हे खरेच आहे. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात जो संहार झाला, तो पाहता या ठरावाने शांतता आणली असे कुणीही म्हणणार नाही.

तरीही हा मार्ग निरुपयोगी आहे असे आम्ही मानत नाही. १९७१ साली अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सच्या भागधारकांच्या सभेत ठराव मांडला की कंपनीने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे. ठराव सपशेल पडला. परंतु कंपनीचे एक संचालक, धर्मोपदेशक लिऑन सलिव्हन, आपल्याच संचालक मंडळाविरुद्ध त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे विद्यापीठे, निवृत्तिवेतन निधी आणि नगरपालिकाही तोच प्रश्न विचारू लागल्या. १९८६ साली जनरल मोटर्सने तेथील धंदा विकण्याची घोषणा केली. त्यामागे केवळ चर्च होते असे नाही. पण पहिला जाहीर सवाल चर्चने केला आणि तो करता आला, कारण हातात शेअर होते.

आमचे मत असे की विक्री हे शेवटचे पाऊल असावे. शेअर विकले की सभेतील खुर्चीही जाते. आधी विचारणा करावी, उत्तराची वाट पाहावी, सभासदांचे मत घ्यावे आणि मगच विकावे. प्रेस्बिटेरियनांनी ही पायरी पाळली, हे त्यांचे मोठेपण. आणि काढलेला पैसा कुठे लावायचा हेही तेवढ्याच आग्रहाने ठरवले पाहिजे. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या पुढाकाराने १९७५ साली स्थापन झालेली ओइकोक्रेडिट ही संस्था चर्चचा आणि सामान्य ठेवीदारांचा पैसा गरीब देशांतील सहकारी संस्थांना आणि लघुवित्त संस्थांना कर्जाऊ देत आली. आपल्या हैदराबादेतही तिची उपकंपनी उभी राहिली. ज्याच्या हाताला काम आहे आणि ज्याच्यावर हप्ता फेडण्याची जबाबदारी आहे, त्याला दंगल परवडत नाही. शांततेचा हा मार्ग संथ आहे, पण आम्हाला तोच अधिक भरवशाचा वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या मंडळांचा कायम निधी बहुधा मुदत ठेवीत असतो, तेथे फारसा वाव नाही. परंतु आपल्या कित्येक घरांत आजोबांच्या काळापासूनचे शेअर आहेत. वार्षिक अहवाल येतो आणि न वाचता रद्दीत जातो. नोंदणीकृत कंपन्यांच्या ठरावांवर आता घरबसल्या मत देता येते. ती कंपनी कुणाला काय विकते आणि कुणाच्या जमिनीवर उभी आहे, हे वाचून निदान एकदा तरी मत द्यावे. मंडळाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत यावर अर्धा तास चर्चा ठेवावी, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे.