लाईट आहे, पण किती?

आपल्याकडे विजेबद्दल दोनच वाक्यं बोलली जातात. "लाईट गेली" आणि "लाईट आली". मधलं काही नसतंच जणू. पूर्वी घरातली एखादी आजी "आज लाईट डिम आहे रे" म्हणायची, ती तेवढी तिसरी अवस्था. आता पिवळे बल्ब गेले, एलईडी आले, आणि चांगला एलईडी १८० व्होल्टवरही तसाच लख्ख जळतो. त्यामुळे डिम लाईट दिसायचीच बंद झाली. प्रश्न होता तिथेच राहिला, त्याचा इंडिकेटर मात्र गेला.

गेले तीन महिने विकांताला माझा एक रिकामटेकडा उद्योग चालू आहे. सॉकेटमध्ये एक छोटा वायफायवाला मीटर लावलाय, तो दर मिनिटाला व्होल्टेज मोजून माझ्या जुन्या लॅपटॉपवर पाठवतो. (हापिसात दिवसभर सर्व्हरचे आलेख बघून पोट भरत नाही, म्हणून घरी सॉकेटचे. बायकोचं मत यावर छापण्यासारखं नाही :) ) तर आलेख असा दिसतो: दुपारी एक ते तीन या वेळात २४८ ते २५३ व्होल्ट. संध्याकाळी सातनंतर उतरण. रात्री साडेनऊच्या सुमारास २०२, कधी कधी १९८. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवसात, पन्नासेक व्होल्टचा फरक. आणि या तीन महिन्यांत "लाईट गेली" असं म्हणायची वेळ मोजून चार वेळा आली. म्हणजे कागदोपत्री आमचा पुरवठा उत्तमच!

आता हे कितपत चालतं? १९५६ च्या भारतीय वीज नियमांत घरगुती दाबासाठी जाहीर व्होल्टेजच्या वरखाली ६ टक्क्यांची मर्यादा होती आणि पुढेही साधारण तोच आकडा आपण वापरत आलो. २३० धरलं तर २१६ ते २४४. माझा आलेख दोन्ही टोकांना बाहेर. युरोपचं ईएन ५०१६० हे मानक त्या मानाने सैल आहे, १० टक्क्यांपर्यंत सूट देतं. पण ते एक गोष्ट सांगतं जी मला फार महत्त्वाची वाटते: मोजायचं कसं. दर १० मिनिटांची सरासरी काढा, आठवडाभर काढा, आणि त्यातल्या ९५ टक्के सरासऱ्या मर्यादेत बसल्या पाहिजेत. तुमच्यापैकी ज्यांनी कधी एसएलए लिहिलाय त्यांना यातली गंमत कळेल. कडक आकडा आणि मोजमापाचा पत्ता नाही, यापेक्षा सैल आकडा आणि पक्कं मोजमाप कधीही बरं.

हे पन्नास व्होल्ट जातात कुठे, ते जरा बघू. गणित आठवी-नववीचंच आहे. आपल्या गल्लीतली डीपी (सरकारी भाषेत रोहित्र) ११ किंवा २२ हजार व्होल्टचे ४३३ करते. ४३३ ला वर्गमूळ तीनने भागा, २५० येतात. म्हणजे दुपारी लोड नसताना २५० दिसणं हे डीपीच्या जन्मापासूनच ठरलेलं आहे. तारांमध्ये थोडं जाईल म्हणून मुद्दाम चढं ठेवलेलं असतं. आता ९५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल घ्या. तिचा रोध किलोमीटरला ०.३२ ओहम. ३०० मीटरला झाला साधारण ०.१ ओहम. १०० अँपिअर गेले की १० व्होल्ट खलास. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर एवढ्यावर भागतं, कारण न्यूट्रलमध्ये करंट एकमेकांना काटतात. पण सगळा लोड एकाच फेजवर असेल तर तोच करंट न्यूट्रलमधून परत येतो आणि तितकेच व्होल्ट पुन्हा खातो. १० चे २० होतात. त्यात कॉम्प्युटर, चार्जर, एलईडी यांच्यामुळे जो तिसरा हार्मोनिक येतो तो न्यूट्रलमध्ये काटला जात नाही, उलट तिन्ही फेजचा एकत्र साठतो. बिचारा न्यूट्रल! त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि तो तुटला की घरात २३० च्या जागी थेट ४०० च्या आसपास येऊन टीव्ही-फ्रिजचा धूर निघू शकतो. मग सगळे बघतात.

कोणतं घर कोणत्या फेजवर आहे, हे कुणाला माहीत असतं? मी आमच्याकडे आलेल्या वायरमनला विचारलं. "साहेब, जिथे जागा दिसली तिथे जोडलं," हे प्रामाणिक उत्तर मिळालं. मला त्याचा राग नाही आला. ज्या नेटवर्कचा नकाशा कागदावर नाही, तिथे माणूस दुसरं काय करणार?

आता माझा मुख्य मुद्दा. या सगळ्यावर आपण मध्यमवर्गीयांनी शोधलेलं उत्तर म्हणजे स्टॅबिलायझर. एसीला एक, फ्रिजला एक, झालंच तर कॉम्प्युटरला यूपीएस. आपापल्या घरापुरता प्रश्न मिटला. पण तो स्टॅबिलायझर करतो काय? तुमच्या एसीला १५०० वॉट हवेत. २३० व्होल्टला त्यासाठी साडेसहा अँपिअर लागतात, १९५ व्होल्टला पावणेआठच्या जवळ. स्टॅबिलायझर हा जास्तीचा करंट तारेतून निमूटपणे ओढतो. तारेतलं नुकसान करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के जास्त. व्होल्टेजही आणखी पडतं, ते शेजाऱ्याचं. मग शेजारी स्टॅबिलायझर घेतो. जुना पिवळा बल्ब या बाबतीत फार समजूतदार होता हो, व्होल्टेज पडलं की आपण होऊन कमी वीज खायचा. आजची निम्मी उपकरणं नेमकी उलट वागतात.

आणि ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही, त्याचं काय? आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे १५ टक्के व्होल्टेज पडलं की जोर २८ टक्क्यांनी घटतो. दळण तेच, मग मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. गिरणीवाल्या काकांची मोटर वर्षात दोनदा रिवाइंडिंगला गेली. दरवेळी त्यांना ऐकवलं गेलं, "मोटर जुनी झालीय." काकांकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांच्याकडे आकडा नव्हता. आपल्या एसीचा गारवा टिकावा म्हणून पडलेल्या व्होल्टेजचं बिल काका भरतायत, हे मला पटत नाही. अजिबात नाही.

खेड्यात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. शेतीपंपाला ऑटोस्विच लावलेला असतो. लाईट यायची वेळ रात्री-बेरात्रीची, शेतकऱ्याने अंधारात विंचूकाट्यातून विहिरीवर जायचं का? म्हणून ऑटोस्विच. त्याचं काहीच चुकत नाही. पण लाईट आल्या क्षणी एका डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात, प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट मागते, आणि डीपी जळते. मग नवी डीपी येईपर्यंत सगळ्यांचं पीक वाळतं. सर्व्हर परत आल्याबरोबर सगळे क्लायंट एकदम तुटून पडतात आणि तो पुन्हा झोपतो, हे आपल्यापैकी कितीजणांनी रात्री दोनला पाहिलंय! तिथे आपण प्रत्येक क्लायंटला थोडं रँडम थांबायला शिकवतो. पंपालाही ते शिकवता येतं.

शहरात हीच वेळ आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे येणार आहे. नेटवर्कचं नियोजन एका गृहीतकावर उभं असतं: सगळे एकदम सगळं लावत नाहीत. ८० फ्लॅट, प्रत्येकी ५ किलोवॉट मंजूर, बेरीज ४००. पण एका वेळी सरासरी २ किलोवॉटच लागणार, म्हणजे १६०, म्हणून २०० केव्हीएची डीपी पुरते. आता त्यातल्या २० जणांनी ७.४ किलोवॉटचे चार्जर लावले आणि सगळे नऊ वाजता हापिसातून आले की वर आणखी १४८. गृहीतक संपलं. "मग रात्री दर कमी करा," असं कुणी म्हणेल. करा, पण जपून. दहा वाजता दर उतरला की सगळ्यांची ॲप बरोबर दहाच्या ठोक्याला सुरू होतील, मध्यरात्री बारा वाजता लावलेल्या क्रॉन जॉबसारखी. ब्रिटनने २०२१ च्या स्मार्ट चार्ज पॉइंटच्या नियमांत प्रत्येक चार्जरला साधारण १० मिनिटांपर्यंतचा रँडम विलंब सक्तीचा केला, तो याच भीतीपोटी. अशा दोन ओळींच्या उपायांचं मला फार कौतुक वाटतं.

दुपारची गोष्ट याच्या उलटी. छतावर सोलर बसलं की करंट घराकडून डीपीकडे वाहतो आणि लाइनीच्या टोकाला व्होल्टेज डीपीपेक्षाही चढतं. ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की सोलरचा इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो, तेही नेमकं भर उन्हात. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं आहे. डीपीवरचा टॅप बदलून व्होल्टेज खाली घेता येतं, पण तो टॅप पुरवठा बंद करूनच बदलावा लागतो. दुपारसाठी खाली घ्यावा तर रात्री काका मेले.

असो. तर करायचं काय? माझं म्हणणं आधी मोजा. आपल्याकडे विश्वासार्हतेचे निर्देशांक निघतात, पण ते मुख्यतः ११ किंवा २२ केव्हीच्या फीडरवर. फीडर चालू असला की आपण सगळे चालू, मग गल्लीतला फ्यूज उडालेला असो की १९८ व्होल्ट येत असोत. हे म्हणजे लोड बॅलन्सरला पिंग करून साइट छान चालल्याचं जाहीर करण्यासारखं. पुण्याच्या प्रयासच्या ऊर्जा गटाने ईएसएमआय उपक्रमात घराघरांत, दुकानांत छोटी यंत्रं बसवून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं आणि महाजालावर सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणजे हे जमतं, आणि स्वस्तात जमतं.

आणि आता तर यंत्रं आपोआपच येतायत. २०२१ च्या केंद्रीय आरडीएसएस योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट होतं. या मीटरवर महाराष्ट्रात जो वाद झाला तो सगळा बिलाचा आणि प्रीपेडचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या मीटरच्या नोंदीत दर अर्ध्या तासाला, काही ठिकाणी पंधरा मिनिटांना, व्होल्टेजचा एक कॉलम असतो. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. माझी मागणी तेवढ्या कॉलमची आहे. घराघराचा आकडा नको, त्यातून कोण कधी घरी नसतं हे कळतं. डीपीवार द्या: आठवड्याचं किमान, कमाल, आणि किती टक्के वेळ मर्यादेत. शिवाय कोणते मीटर एका फेजवर आहेत हे त्यांच्या व्होल्टेजच्या चढउतारांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं, एकाच फेजवरचे मीटर एकदम हेलकावतात. म्हणजे जो नकाशा कुणाकडे नाही तो या कॉलममध्येच दडलाय.

"पैसे कुठून आणायचे?" पैसे आपण खर्च करतोच आहोत. एका सोसायटीतले स्टॅबिलायझर, यूपीएस आणि जळलेले कॉम्प्रेसर यांची बेरीज करून बघा एकदा. आणि बऱ्याच ठिकाणी पैसे लागणारही नाहीत. मी माझा मीटर तीन आठवडे काकांच्या गिरणीत लावला, आलेख छापला, आणि त्यांनी तो लेखी तक्रारीला जोडला. पंधरवड्यात दोन माणसं आली, खांबावर चढली आणि काही कनेक्शनं एका फेजवरून दुसऱ्यावर टाकून गेली. काकांच्या फेजचं रात्रीचं व्होल्टेज आता २१५ च्या आसपास असतं. आमच्या घराचं दोनेक व्होल्टनी उतरलं, ते चालेल.

तुम्हाला करायचं असेल तर तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. वीज कायदा २००३ चं कलम ५७ सेवेच्या मानकांबद्दल आणि भरपाईबद्दल आहे. कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत भरपाईच्या निकषांमध्ये व्होल्टेजची तक्रार सोडवायला लागलेला वेळही आहे. "लाईट कमी येते" असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, व्होल्ट, आणि त्या वेळी शेजारच्या दोन-तीन घरांत किती होतं तेही लिहा. माझा मीटर सध्या मोकळा आहे, ओळखीतल्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा.