पुराचा फोटो आत्ताचा की जुना? फाइलच सांगू शकते, पण…

27 जुलै 2019 रोजी पुराच्या पाण्यामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तेव्हाचाच फोटो यंदा 'आत्ताचा' म्हणून ग्रुपवर आला तर?

तंत्र काय आहे?
अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी 2021 मध्ये सुरू केलेल्या 'सीटूपीए' मानकात फोटो कधी, कशाने काढला, त्यात काय बदलले, याची नोंद डिजिटल सहीसह फाइलमध्येच ठेवता येते. नंतर कोणी छेडछाड केली, तर ती तपासणीत उघड होते. यासाठीची ओपन सोर्स जावास्क्रिप्ट लायब्ररी ब्राउझरमध्येच तपासणी करते. फोटो सर्व्हरवर पाठवावा लागत नाही.

अडचण कुठे?
2019 च्या फोटोंत अशी नोंद नाहीच. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना असलेली नोंदही सहसा निघून जाते. त्यामुळे नोंद नाही म्हणजे फोटो खोटा, असे नव्हे. नोंद असली, तरी सोबतचा मजकूर खरा असेलच असेही नाही.

मग उपाय?
सुरुवात उगमापासून हवी. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी पुराचे फोटो सहीसह संकेतस्थळावर टाकावेत, तिथेच तपासणीचे बटण द्यावे. नागरिकांनी फोटोऐवजी ती लिंक फॉरवर्ड करावी. उल्हास नदीचे पाणी चढत असताना घर सोडायचे की थांबायचे, हे ऐकीव फोटोवर ठरू नये.