संगणक-कट्टा : पासवर्ड बरोबर, तरी दार बंद



२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा संपली आणि आपल्यापैकी बऱ्याच घरांत बेसमेंटमधले जुने लॅपटॉप पुन्हा वर आले. ते टाकून देण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट घाला, असे आम्ही याच सदरात सुचवले होते. अनेकांनी ऐकले. तेव्हा त्यांच्या अडचणी निस्तरणे हे आमचे कामच झाले. या वेळची अडचण तर काही अंशी आमच्याच सल्ल्यातून आली आहे.

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "अहो, पासवर्ड अगदी बरोबर घालते आहे. चुकीचा असता तर तसे म्हणाला असता. हा काहीच म्हणत नाही. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो." काकूंच्या भाच्याने फोनवरूनच निकाल दिला होता : सगळे पुसा आणि लिनक्स नव्याने घाला. काकू थबकल्या, कारण त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई आता नाहीत आणि ज्या कॅसेटवरून ओव्या उतरवल्या, ती कॅसेटही खराब झाली आहे. "पण टाइमशिफ्ट चालू आहे हं, तुम्हीच सांगितले होते. म्हणजे ओव्या त्यात असणारच ना?"

आमच्या पोटात गोळा आला. टाइमशिफ्ट चालू करा असे आम्ही लिहिले होते खरे, पण त्यात काय साठत नाही ते लिहायचे राहून गेले. "काहीही पुसू नका, आम्ही येतो," असे सांगून शनिवारी सकाळी त्यांच्याकडे पोहोचलो.

अशा वेळी काय करावे, ते क्रमाने देतो. आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरे वापरावीत. 'उणे' म्हणजे वजाबाकीचे चिन्ह आणि 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ ही चार अक्षरे. प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडावी, मात्र उणे चिन्ह पुढच्या अक्षराला चिकटून असावे.

१) पासवर्डच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबा. चित्रे जाऊन काळा पडदा येईल. तेथे आपले लॉगिनचे नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असे समजू नका. टाइप करून एंटर दाबा. येथे आत शिरता आले, म्हणजे पासवर्ड ठीक आहे आणि दुखणे दुसरीकडे आहे.

२) आता 'डीएफ उणे-एच' ही आज्ञा द्या. डिस्कवर जागा किती आणि वापरली किती, याचा तक्ता येतो. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरपी रेघ आहे, ती ओळ पाहा. काकूंच्या लॅपटॉपवर तेथे १०० टक्के असे होते. डिस्क काठोकाठ भरली की आत शिरताना लागणाऱ्या छोट्या फाइलीसुद्धा लिहिता येत नाहीत, म्हणून संगणक आपल्याला दारातूनच परत पाठवतो.

३) प्रथम 'सुडो एपीटी क्लीन' द्या. अद्ययावत करताना उतरवून ठेवलेली, पण आता नको असलेली पॅकेजे त्याने जातात. आपल्या फाइलींना धक्का लागत नाही.

४) मग 'सुडो टाइमशिफ्ट उणे-उणे-डिलीट' द्या. साठवलेल्या प्रतींची क्रमांकवार यादी येते. सर्वांत जुन्या प्रतीचा क्रमांक द्या. असे दोन-तीनदा करून पुन्हा 'डीएफ' पाहा. या प्रतींचा फोल्डर हाताने मात्र कधीही पुसू नये.

५) जागा झाली की 'सुडो रीबूट'. आत शिरल्यावर कचऱ्याची टोपली रिकामी करा. टोपलीत टाकलेली फाइल टोपली रिकामी करेपर्यंत जागा अडवूनच बसलेली असते.

तक्त्यात १०० टक्के नसेल, तर कारण वेगळे आहे. तरीही नव्याने लिनक्स घालण्याची घाई नको. ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट घातले, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा, इन्स्टॉल न करता आतली डिस्क उघडा आणि आपले फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. परवानगी नाही असे म्हटले, तर उजवे बटण दाबून 'ओपन ॲज रूट' निवडा. आधी सामान बाहेर, मग दुरुस्ती.

आता आमच्या चुकीबद्दल. टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत ठेवते. एखाद्या अपडेटने घोटाळा केला, तर कालच्या स्थितीत परत जाता यावे, एवढाच तिचा हेतू. आपले फोटो, पत्रे, गाणी असलेला होम फोल्डर ती मुळातच वगळते. शिवाय तिच्या प्रती बहुधा त्याच डिस्कवर साठतात. काकूंनी रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या अशा सगळ्या चौकटींवर खुणा केल्या होत्या. १२० जीबीच्या छोट्या डिस्कला ते झेपले नाही. आठवड्याच्या दोन प्रती पुरेत.

फोटो आणि आवाज यांची प्रत वेगळी करावी लागते. जुना नियम असा : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. मिंटमध्येच 'बॅकअप टूल' आहे. ते जमत नसेल तर फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ओढून टाका. भारतात पाठवायची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी, म्हणजे तिकडच्या विंडोजवरही ती उघडते. आणि प्रत केली की दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी.

काकूंच्या ओव्या म्युझिक फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या. भाच्याचे ऐकले असते तर गेल्या असत्या, आणि टाइमशिफ्टमधून परत आल्या नसत्या. आम्ही त्यांच्या दोन प्रती करून दिल्या. एक काकूंच्या कपाटात आहे, दुसरी पुढच्या भारतवारीत साताऱ्याला बहिणीकडे जाणार आहे. निघण्यापूर्वी प्रत तपासायची म्हणून काकूंनी एक ओवी लावली. एक संपल्यावर थांबवले मात्र कोणीच नाही.

ज्यांनी आमच्या सांगण्यावरून टाइमशिफ्ट चालू केले, त्या सर्वांनी या शनिवारी-रविवारी आपली डिस्क पाहावी आणि फोटोंची प्रत करावी. अडले तर लॅपटॉप घेऊन मंडळाच्या पुढच्या बैठकीला या. चार्जर विसरू नका, आणि बाहेरची डिस्क असेल तर तीही आणा.