चौथ्या दिवसापासून सुरुवात

पंढरपुराहून परतलेल्या वारकऱ्याची वारी संपते, नेम संपत नाही. गळ्यातली माळ, एकादशी, हरिपाठ वर्षभर सोबत असतात. ‘व्हिया दे क्रिस्तो’, म्हणजे ‘ख्रिस्ताचा मार्ग’, ही लूथरन विश्वासणाऱ्यांची चळवळ मराठी माणसाला या नेमावरून लवकर उमगेल.

तिचे मूळही यात्रेतच आहे. स्पेनच्या मायोर्का बेटावरचे कॅथलिक तरुण १९४८च्या सांतियागो यात्रेसाठी कार्यकर्ते घडवत होते. त्या तयारीतून तीन दिवसांचा ‘कुर्सिल्यो’, म्हणजे छोटा अभ्यासवर्ग, आकाराला आला. त्यातले प्रमुख एदुआर्दो बोनिन धर्मगुरू नव्हते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील लूथरन मंडळ्यांनी ही पद्धत स्वीकारली. गुरुवारी संध्याकाळी जमायचे, रविवारी संध्याकाळी परतायचे. मधल्या १५ भाषणांपैकी बहुतेक पाळक नसलेली माणसे देतात आणि प्रत्येक भाषणानंतर टेबलाभोवती बसलेले सगळे ते आपल्या जगण्याशी ताडून पाहतात. बाहेरचे सोबती त्यांच्यासाठी प्रार्थना करत असतात. या आधाराला ‘पालांका’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ तरफ. शिबिरानंतरचे सारे आयुष्य म्हणजे ‘चौथा दिवस’. तो निभावण्यासाठी मोजकी माणसे दर आठवड्याला भेटतात आणि प्रार्थना, अभ्यास व कृती यांचा हिशेब एकमेकांना देतात.

यामागे लूथरची १५२०मधली शिकवण आहे: बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. तारण कृपेने मिळते, कमवावे लागत नाही. म्हणूनच आपले हात शेजाऱ्यासाठी मोकळे राहतात.

साध्या विश्वासणाऱ्यांनी एकमेकांच्या सोबतीने चालण्याची ही ओढ महाराष्ट्राला नवी नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा समुदाय उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९मध्ये टिळक गेले. दरबाराला रुजायला दोन वर्षेही मिळाली नाहीत.

आता मुंबईतल्या गोवंडीकडे पाहू. इथल्या पुनर्वसन इमारतींमध्ये २२५ चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरातली वाटते. शांततेची गरज याहून जास्त कुणाला असेल? पण गुरुवार ते रविवार शिबिराला जायचे म्हणजे नाक्यावरच्या मजुराचे रोज बुडतात आणि चार घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईचे एखादे काम कायमचे सुटते. ज्यांना विसावा हवा त्यांनाच तो परवडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की अशा वस्तीतल्या मंडळ्यांनी, त्या कोणत्याही पंथाच्या असोत, चौथ्या दिवसापासून सुरुवात करावी. त्याला ना भाडे लागते ना रजा. रात्री कामे आटोपल्यावर चौघांनी एका खोलीत तासभर बसावे. या आठवड्यात प्रार्थना झाली का, काय वाचले, कुणासाठी काय केले, एवढेच विचारावे. समजा, शेजारी कुणाला टीबी झाला आहे. टीबीचे औषध सहसा सहा महिने घ्यावे लागते आणि थोडे बरे वाटले की गोळ्या सोडण्याचा मोह होतो. तेव्हा ‘आजची गोळी घेतली का?’ हे विचारणारा सोबती हीच इथली कृती आहे.

असा गट वर्षभर टिकला की मग त्याने एकेकाला तीन दिवसांसाठी पाठवावे. स्वयंपाकाची कामे करणारी ताई शिबिराला निघाली, तर तिच्या चार घरच्या पोळ्या गटातल्या बायकांनी लाटाव्यात आणि तिची मुले कुणी तरी सांभाळावीत. ती रविवारी परत येईल तेव्हा तिची चारही कामे जागेवर असतील. गोवंडीत तरफेचा अर्थ हाच असायला हवा.