विश्लेषण : रायफलवरची दुर्बीण स्वस्तात घेताना ‘किती पट?’ हा पहिला प्रश्न का नसावा?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. असे पदक आले की अनेक घरांत एअर रायफलचा हट्ट सुरू होतो आणि पाठोपाठ ‘स्कोप’ म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा शोधही. ऑनलाइन दुकानांत ‘२४ पट’, ‘३२ पट’ असे आकडे झळकवणाऱ्या दुर्बिणी स्वस्तात दिसतात. मात्र कुसाळेच्या रायफलवर दुर्बीण नव्हतीच. ती कोणाला लागते, कोणाला नाही आणि घ्यायचीच तर कमी पैशांत काय पाहावे, याचा हा आढावा.

स्पर्धेसाठी दुर्बीण लागते का?

नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिम्पिक प्रकारांत दुर्बिणीला बंदी आहे. तेथे ‘पीप साइट’ वापरतात. डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि नळीच्या टोकाला गोल कडे असते. ऑलिम्पिकबाहेरच्या १० मीटर रनिंग टार्गेट प्रकारात दुर्बीण चालते, पण तीही जास्तीत जास्त चार पटीची. त्यामुळे मुलाला किंवा मुलीला जिल्हा, राज्य स्पर्धेच्या वाटेवर न्यायचे असेल, तर दुर्बिणीवर एक रुपयाही घालवू नये. तो पैसा छर्रे, सरावाचे शुल्क आणि प्रशिक्षक यांसाठी ठेवावा. दुर्बिणीची सवय झालेल्या डोळ्याला पीप साइटचा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

मग ती लागते कोणाला?

दोन प्रकारच्या लोकांना. पहिला गट हौशी नेमबाजांचा. भारतात ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तिने सुरक्षित जागी कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांना दुर्बीण उपयोगी पडते. चाळिशीनंतर जवळची साइट आणि दूरचे लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसणे कठीण होते. त्यांची तर मोठीच सोय होते.

दुसरा गट शिकाऱ्यांचा. पण तो भारतात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार येथे वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर किंवा रोही मारण्यासाठीही वन विभागाची परवानगी लागते. एअरगनने पक्षी टिपणे हा ‘खेळ’ नाही, हे घरात रायफल आणणाऱ्याने मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. अमेरिकेत टेक्सास, पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यांत मात्र परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करता येते. तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांना या निवडीचा तो भाग लागू पडतो.

‘३-९x४०’ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिले दोन आकडे पट सांगतात. म्हणजे लक्ष्य तीनपासून नऊ पटींपर्यंत मोठे करता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, येथे ४० मिलिमीटर. व्यासाला पटीने भागले की दुर्बिणीतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. चार पटीवर ती १० मिलिमीटर, नऊ पटीवर साधारण ४.४ मिलिमीटर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार हे प्रमाण घटते. आता ‘६-२४x५०’ दुर्बीण २४ पटीवर लावली, तर झोत जेमतेम २.१ मिलिमीटर उरतो. चित्र मोठे होते, पण काळवंडते.

जास्त पट म्हणजे जास्त अचूकता नव्हे का?

नव्हे. पट वाढली की लक्ष्याबरोबर हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो. मग क्रॉसहेअर स्थिर होण्याची वाट पाहत नेमबाज ट्रिगर झटकतो आणि नेम चुकतो. दृश्याचा घेरही लहान होतो, त्यामुळे लक्ष्य शोधण्यातच वेळ जातो. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथरही मोठी दिसते. त्यातच, कमी किमतीत जास्त पट देताना उत्पादक काचेच्या दर्जात काटकसर करतो. एअर रायफलच्या १० ते ५० मीटर अंतरासाठी चार ते नऊ पट भरपूर होते.

पॅरॅलॅक्सकडे लक्ष का द्यावे?

कारण स्वस्त खरेदीत सर्वाधिक फसगत येथे होते. डोळा मध्यापासून थोडा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसते. हा पॅरॅलॅक्स दोष. दुर्बीण एका ठरावीक अंतरासाठी त्यापासून मुक्त केलेली असते. मोठ्या रायफलच्या दुर्बिणींत हे अंतर बहुधा १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते. अशी ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १० मीटरवर वापरली, तर डोळा पूर्ण कडेला असताना होणारी चूक गणिताने जवळपास १८ मिलिमीटर येते. एअर रायफलच्या कागदी लक्ष्यावर दोन वर्तुळांतले अंतर अडीच मिलिमीटर असते. म्हणजे ट्रिगर उत्तम दाबूनही सात गुणांचे नुकसान होऊ शकते. शिवाय चित्र धूसर दिसते ते वेगळेच. म्हणून एअर रायफलसाठी १० यार्डांपर्यंत जुळवता येणारी, ‘एओ’ किंवा ‘साइड फोकस’ची सोय असलेली दुर्बीणच घ्यावी. चार पट जास्त मिळण्यापेक्षा ही सोय मोलाची आहे.

स्वस्त दुर्बिणीत नेमके काय बिघडते?

आतली बैठक. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का विचित्र असतो. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि तो थांबताना पुढे झटकते. केवळ मागच्या धक्क्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीचे भिंग किंवा क्रॉसहेअर या दुहेरी झटक्याने सैल होते. काल जुळवलेला नेम आज भलतीकडे जातो आणि नवशिका स्वतःलाच दोष देतो. खरेदीपूर्वी ‘एअरगनसाठी योग्य’ असे उत्पादकाने लेखी म्हटले आहे का, ते पाहावे. रायफलसोबत नाममात्र किमतीत येणाऱ्या बारीक नळीच्या ‘४x२०’ दुर्बिणीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

अनेकदा दोष दुर्बिणीचा नसून ती धरणाऱ्या कड्यांचा, म्हणजे माउंटचा असतो. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची खाच असते, तर इतर अनेक रायफलींवर पिकॅटिनी रेल. नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटरची, हेही जुळले पाहिजे. स्प्रिंगच्या रायफलवर दुर्बीण मागे सरकू नये म्हणून अटकाव असलेले माउंट घ्यावे.

पैसे कुठे वाचवावेत?

लाल-हिरवा दिवा, पन्नास मिलिमीटरचे भिंग, खुणांनी गजबजलेले क्रॉसहेअर आणि ‘फर्स्ट फोकल प्लेन’ या गोष्टी सुरुवातीला सोडून द्याव्यात. काचेवरचा थर, नेम टिकवणारी यंत्रणा, माउंट आणि हमी यांत काटकसर नको. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या सर्व काचांवर अनेक थर. नुसते ‘कोटेड’ म्हणजे तसे नव्हे. नायट्रोजन भरलेली बंद नळी आतून धुके धरत नाही. कोकणासारख्या दमट हवेत काचेवर बुरशी चढते. तेथे हा मुद्दा चैनीचा नाही. दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आयात मालाची हमी भारतात चालते का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

शिकारीसाठी वेगळे काय?

अमेरिकेत शंभर ते दोनशे डॉलरच्या टप्प्यात साधी ‘३-९x४०’ दुर्बीण मिळते आणि हरणासाठी ती पुरते. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण आठ इंचांचा धरला जातो. शंभर यार्डांवर तो चार पटीतही नीट दिसतो. टेक्सास आणि पेन्सिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. त्या संधिप्रकाशात पटीपेक्षा काच महत्त्वाची. रायफलचा धक्का मोठा असल्याने डोळा आणि दुर्बीण यांत सुमारे साडेतीन इंच अंतर हवे, नाहीतर भुवई फुटते. मुख्य म्हणजे येथे सरकलेल्या नेमाची किंमत गुणांत मोजली जात नाही. जखमी जनावर जंगलात तडफडत मरते. नेम टिकतो याची खात्री नसलेली दुर्बीण घेऊन शिकारीला जाऊच नये. लांबचे पाहण्यासाठी रायफल उचलणेही टाळावे. समोर माणूस असू शकतो. त्यासाठी हातातली साधी दुर्बीण वेगळी ठेवावी.

घेतल्यावर खात्री कशी करावी?

रायफल टेकवून एका बिंदूवर तीन ते पाच छर्रे मारावेत. मग नेमाचा बिंदू न बदलता दुर्बिणीची कळ २० खटके वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा छर्रे मारावेत. शेवटचा गट पहिल्याच्या जागी परतला पाहिजे आणि कागदावर चौकोन उमटला पाहिजे. पाव मिनिटाच्या खटक्याला १० मीटरवर सुमारे ०.७ मिलिमीटर सरक अपेक्षित असते. म्हणजे चौकोनाची बाजू दीड सेंटिमीटरच्या आसपास यावी. चौकोन वाकडा आला किंवा गट परतला नाही, तर परतीची मुदत संपण्याआधी दुर्बीण परत करावी. पाकिटावरचे सगळे आकडे हा एक कागद तपासून देतो.