नकाशातील डोंगर, जमिनीवरील खड्डा

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या डिचोली, सत्तरी आणि सांगे या गोव्याच्या तालुक्यांचे जुने स्थलनिर्देशक नकाशे हा आता केवळ भूगोलाच्या तासाचा विषय राहिलेला नाही. विमुक्तीनंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने १:५०,००० प्रमाणावर काढलेल्या या नकाशांत समोच्चरेषा जेथे टेकडीचा माथा दाखवितात, तेथे कित्येक ठिकाणी आज पाण्याने भरलेला खड्डा आहे. आणि पिवळ्या रंगातील शेतीच्या उशाशी डंपांचे नवे डोंगर उभे आहेत. एक टन लोहखनिजासाठी अडीच ते तीन टन माती उपसावी लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे या उलथापालथीचे नवल वाटत नाही.

पोर्तुगीज राजवटीने बेमुदत दिलेल्या खाणसवलतींचे १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले. हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. पुढे नूतनीकरण झालेले ८८ पट्टे २०१८ मध्ये रद्द केले. डिसेंबर २०२२ पासून नवे लिलाव सुरू झाले. लिलावाने खाणीचा धनी ठरतो. पण तिच्या परिणामांचे मोजमाप कोठून सुरू करावयाचे, हा प्रश्न उरतोच. पर्यावरणीय परवानगीच्या अहवालात ‘सद्यःस्थिती’ नोंदवितात. सद्यःस्थिती म्हणजे पूर्वीच्या उपशाने पोखरलेली भूमी! तीच मूळ मानली, तर आधीची सारी हानी निसर्गाच्या खात्यावर जमा होते. येथे जुन्या नकाशाचे मोल कळते.

अर्थात नकाशा सर्वज्ञ नव्हे. त्यावर १०० हेक्टरांचे क्षेत्र अवघ्या चार चौरस सेंटिमीटरांत, टपाल तिकिटाहून लहान जागेत, सामावते. समोच्चरेषांत २० मीटरांचे अंतर असल्याने त्याहून बुटका डंप दोन रेषांच्या मधून निसटू शकतो. कुळागराला बारमाही पाणी पुरविणारी बारीकशी झर तर तेथे बहुधा सापडणारच नाही. ती गावातील वृद्धांनाच ठाऊक असते आणि त्यांची साक्ष कागदावर यावयास हवी.

किनाऱ्यालगतच्या प्रदेशांचे नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते निर्बंध बरेचसे सैल केले आहेत. मग जनसुनावणीच्या अहवालास जुना नकाशा जोडण्यात अडचण कोणती? अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतोच. नकाशाची सूचीही त्याच भाषेत देता येईल. सुनावणीपूर्वी ग्रामस्थांना किमान ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत तो पंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि बुजलेल्या झरी, तुटलेले पाट व गाळाने भरलेली शेते यांच्या खुणा गावकऱ्यांकडूनच त्यावर करून घ्याव्यात.