तात्या विंचूचा दुसरा जन्म

मेलेले उठतात आणि जिवंतांच्या मागे लागतात, अशा चित्रपटांची हल्ली साथच आली आहे. मराठीतही आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २०२२ साली येऊन गेला. पण मेलेल्याला परत आणण्याचा उद्योग आपल्या पडद्याने त्याच्या कितीतरी आधी, १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये केला होता; आणि त्याच मेलेल्याला पुन्हा एकदा उठवले ते २०१३ साली, ‘झपाटलेला २’मध्ये. या दुसऱ्या भागाविषयी माझे प्रांजळ मत येथे मांडतो. माझ्या बऱ्याच मित्रांना तो आवडतो, म्हणून जरा भीतभीतच.

चांगले आहे ते आधी सांगितले पाहिजे. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बाहुला वीस वर्षांनीही तितकाच खुनशी दिसतो, आणि दिलीप प्रभावळकरांच्या त्या आवाजाला अजूनही तोड नाही. चित्रपट त्रिमितीत काढण्याचे महेश कोठारे यांचे धाडसही मान्य. मात्र आंजीला घरच्या टी.व्ही.वर कुठली आली त्रिमिती! अंगावर यावे म्हणून रचलेली दृश्ये तिथे नुसतीच आपल्यावर रोखलेली दिसतात.

दोष सुरू होतो तो नियमापासून. भुवयांच्या मधोमध गोळी लागली की तात्या विंचू संपतो, हा पहिल्या भागाचा कायदा. तो पाळून त्याला मारले. मग दुसऱ्या भागात तो परत येतोच, तर आता त्या गोळीला घाबरायचे त्याने तरी कशाला आणि आम्ही तरी का?

पण हेही मी पोटात घातले असते. खरी उणीव निराळी आहे. पहिल्या भागात भीती बाहुल्यात नव्हतीच, ती लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावर होती. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो आणि कोणाचा विश्वास बसत नाही, तेव्हा आपण हसतो आणि त्याच वेळी आपल्याही पोटात गोळा येतो. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. नंदी लाकडाचाच, पण पोराच्या डोळ्यांत तो खरा असतो, म्हणून आपणही बोजारा देतो. लक्ष्याचे डोळे तसे होते.

लक्ष्मीकांत २००४ साली गेले. दुसऱ्या भागात त्यांच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे आहेत. ते देखणे आहेत, मेहनती आहेत. पण नायकाला घाबरण्यापेक्षा लढण्याचीच घाई. घाबरणाराच उरला नाही, तर बाहुला बिचारा काय करणार?

आता तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लक्ष्मीकांतनाच पडद्यावर आणण्याचा विचार कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. त्यांची मैत्री मी समजू शकतो, तरी ही कल्पना मला रुचत नाही. बेर्डे प्रत्येक वेळी नव्याने दचकत. यंत्र जुनेच दचकणे उसने घेणार. चित्रपट आला तर मी पाहायला जाईनच. मात्र तात्याकडे माझे लक्ष नसेल. तो लक्ष्या खरोखर घाबरतो का, तेवढेच बघत बसेन.